विलंबामुळे येणारे झोके: गणित खरं की कोडचा खेळ?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बाल्कनीत गॅस गिझर, बाथरूम लांब. आतला माणूस पाणी अंगावर घेऊन ओरडतो, ‘वाढव’, ‘कमी कर’, आणि बाहेरचा त्याप्रमाणे नॉब फिरवतो. यावरून मांडलेलं समीकरण:

क्ष′(ट) = −क × क्ष(ट − व)

इथे ट म्हणजे वेळ, क्ष म्हणजे हवं ते तापमान आणि गिझरमधून निघणाऱ्या पाण्याचं तापमान यांतला फरक, व म्हणजे पाइपमधला विलंब आणि क म्हणजे दुरुस्तीचा वेग. क = ०.१५ प्रति सेकंद, व = १० सेकंद. ऑयलर पद्धतीने, म्हणजे काळाचे छोटे तुकडे (स्टेप) करून एकेक पाऊल पुढे जात, १ सेकंदाच्या स्टेपने सोडवलं तर झोके कितीही वेळ थांबत नाहीत. तेच ०.१ सेकंदाच्या स्टेपने सोडवलं तर हळूहळू विरतात. मग खरं कोणतं? झोक्याचा आवर्तकाल आधी काढता येतो का? आणि हीच रीत लोकसंख्या किंवा पेशींतल्या प्रथिनांच्या मॉडेलला लावायची तर विलंब नेमका कुठे घालायचा?

उत्तर: तुमचे झोके विरतात. १ सेकंदाच्या स्टेपने दाखवलेलं चित्र खोटं आहे, पण ते का खोटं आहे हे समजून घेण्यासारखं आहे. ही चूक अशाच जागी होते, जिथे ती सहज दिसत नाही.

आधी संगणक बाजूला ठेवा. या समीकरणात क आणि व हे दोन वेगळे आकडे दिसतात, पण वर्तन ठरतं ते त्यांच्या गुणाकारावरून. क × व हा गुणाकार ०.३६८ पेक्षा कमी असेल तर झोका येतच नाही, फरक सरळ शून्याकडे जातो. ०.३६८ ते १.५७१ मध्ये असेल तर झोके येतात आणि विरतात. १.५७१ च्या वर गेला की झोके वाढत जातात. हा १.५७१ म्हणजे पाय (π) भागिले २. तो कुठून येतो हे दोन ओळींत दिसतं. विरतही नाही आणि वाढतही नाही असा साइन लाटेचा झोका गृहीत धरा. साइनचं विकलन मूळ लाटेच्या पाव आवर्तन पुढे असतं. उजवीकडे ऋण चिन्ह आहे, म्हणजे अर्धं आवर्तन. दोन्ही बाजू जुळायच्या तर विलंबाने उरलेलं पाव आवर्तन मागे खेचलं पाहिजे. म्हणून विलंब = आवर्तकालाचा चौथा हिस्सा, आवर्तकाल = ४व. उंची जुळण्यासाठी कोनीय वेग क इतका हवा. दोन्ही एकत्र केलं की क × व = १.५७१.

तुमचा गुणाकार १.५ आहे. सीमेच्या आत, पण अगदी कडेला. अशा वेळी झोका विरतो, पण किती सावकाश? सीमेजवळचं अंदाजी गणित केलं तर आवर्तकाल सुमारे ४०.५ सेकंद येतो आणि प्रत्येक आवर्तनात उंची साधारण १२ टक्के घटते. दहा आवर्तनांनंतरही, म्हणजे जवळपास सात मिनिटांनंतरही, मूळ उंचीच्या पाव हिश्श्याहून जास्त शिल्लक राहते.

आता ऑयलर काय करतो ते बघा. स्टेप १ सेकंद आणि विलंब १० सेकंद, म्हणजे एका विलंबात १० स्टेप. ऑयलर स्टेपच्या सुरुवातीची किंमत पूर्ण स्टेपभर धरून ठेवतो. त्यामुळे माहिती सरासरीने अर्धी स्टेप जुनी होते आणि विलंब १० चा १०.५ होतो. गुणाकार होतो १.५७५, सीमेच्या केसभर पलीकडे. स्टेपस्टेपने चालणाऱ्या या गणिताची (फरक-समीकरणाची) अचूक सीमा काढली तरी हेच येतं: विलंबात १० स्टेप असतील तर १.५७१ ऐवजी १.४९५ लाच झोके वाढू लागतात, १०० स्टेप असतील तर १.५६३ ला. तुमचा १.५ बरोबर या फटीत बसला आहे. झोका आवर्तनामागे जेमतेम एक टक्का वाढतो, म्हणून डोळ्यांना तो ‘तसाच चालू’ दिसतो. लोक याला स्थिर आवर्तन समजून अहवालात लिहून मोकळे होतात.

यात अजून एक चूक मिसळली की निदान अवघड होतं. मागच्या किमती साठवायला जी रांग ठेवतात तिची लांबी मोजताना एकाने चुकणं फार सोपं आहे. रांगेत ११ जागा ठेवल्या पण वाचताना आधी नवी किंमत टाकली की मग जुनी वाचली, यावर विलंब १० आहे की ११ हे ठरतं. तपासायचं असेल तर क शून्य करा, रांगेत एक ठसठशीत पल्स सोडा आणि ती किती स्टेपनंतर बाहेर येते ते मोजा. दोन मिनिटांचं काम आहे.

दुसरी पडताळणी कागदावर होते. सुरुवातीला पाणी १० अंश गार आहे आणि पाइपभर तेच पाणी आहे, असं धरा. पहिल्या १० सेकंदांत उजवी बाजू स्थिर, म्हणून क्ष सरळ रेषेत बदलतो: दहाव्या सेकंदाला गिझरमधून निघणारं पाणी ५ अंश जास्त गरम असतं. आतल्या माणसाला अजून १० अंश गारच लागतंय, तो ‘वाढव’ म्हणतोच आहे. पुढच्या १० सेकंदांत आधीच्या सरळ रेषेचं समाकलन करा, म्हणजे वर्गाचं पद येतं. सर्वांत टोकाची किंमत १६.७ व्या सेकंदाला मिळते, आणि ती असते बरोबर १० अंश जास्त गरम. म्हणजे क × व = १.५ असताना पहिला पलटाच सुरुवातीच्या चुकीइतका मोठा असतो. तुमच्या कोडने १६ व्या-१७ व्या सेकंदाच्या आसपास १० अंश दाखवले नाहीत तर पुढचं काही बघू नका, कोड दुरुस्त करा. या टप्प्याटप्प्याच्या रीतीने तिसरा, चौथा तुकडाही हाताने निघतो. प्रत्येक तुकड्यात पदाची घात एकने वाढते, एवढंच.

या तुकड्यांच्या जोडांवर वक्राला बारीक कोपरे असतात. शून्याला विकलन उडी मारतं, १० सेकंदांना दुसरं विकलन, २० ला तिसरं. चांगल्या सॉल्व्हरला (समीकरण सोडवणाऱ्या प्रोग्रॅमला) हे माहीत असतं आणि तो नेमक्या त्या क्षणांवर स्टेप ठेवतो. मॅटलॅबमध्ये डीडीई२३, ज्युलियात डिलेडिफईक्यू, पायथॉनमध्ये जिटसीडीडीई हे त्यासाठीच आहेत. सायपाय या पायथॉनच्या गणिती लायब्ररीचा नेहमीचा सॉल्व्हर विलंब हाताळत नाही. त्यात फंक्शनच्या आतून जुनी यादी वाचण्याची शक्कल अनेक जण लढवतात. पण तो सॉल्व्हर स्टेप नाकारून मागे येतो आणि यादीत नाकारलेल्या किमती राहून जातात. त्यापेक्षा साधा ऑयलर बारीक स्टेपने परवडला.

विलंबापासून सुटका म्हणून क्ष(ट − व) चा टेलर विस्तार करायचा, म्हणजे ते क्ष(ट) आणि त्याच्या विकलनांच्या बेरजेत मांडायचा, मोह होतो. करू नका. पहिल्या पदापर्यंत थांबलात तर झोकेच नाहीसे होतात. दुसऱ्या पदापर्यंत गेलात तर सीमा १.५७१ ऐवजी १ येते. विलंबाऐवजी दोन बहुपदींचा भागाकार घालणारं पहिल्या दर्जाचं पादे रूप सीमा २ सांगतं, म्हणजे जिथे खरी व्यवस्था झोके घेत सुटलेली असते तिथे हे ‘सगळं ठीक’ म्हणतं. दुसऱ्या दर्जाचं पादे मात्र १.५८३ देतं, आणि नियंत्रणाच्या बहुतेक कामाला ते पुरतं.

गिझरच्या आकड्यांकडे एकदा नीट बघा, कारण विलंब हा आकाशातून पडलेला स्थिरांक नसतो. आतला व्यास १५ मिमी आणि लांबी ५.७ मीटर असलेल्या पाइपात एक लिटर पाणी मावतं. मिनिटाला ६ लिटर प्रवाह असेल तर विलंब १० सेकंद. वरची टाकी रिकामी होत आली किंवा कुणी स्वयंपाकघरातला नळ सोडला की प्रवाह ४ लिटरवर येतो आणि विलंब १५ सेकंद होतो. एवढ्यावर भागत नाही. नॉब गॅस नियंत्रित करतो, आणि तेवढ्याच गॅसने कमी पाणी जास्त तापतं, म्हणून क सुद्धा दीडपट होतो. गुणाकार १.५ वरून थेट ३.३७५ वर. प्रवाहाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात तो वाढतो. सकाळी सातला मस्त चाललेली व्यवस्था आठला का बिघडते याचं उत्तर बहुतेकदा इथे असतं. ओरडणं ऐकून हात हलेपर्यंतचे एक-दोन सेकंदही व मध्येच धरायचे.

मग झोके अमर्याद वाढतात का? समीकरणात हो, बाल्कनीत नाही. नॉब फिरवण्याच्या वेगाला मर्यादा असते. समजा चूक कितीही असो, तापमान सेकंदाला २ अंशांपेक्षा जास्त वेगाने बदलता येत नाही. मोठ्या झोक्यात माणूस सतत याच कमाल वेगाने फिरवत राहतो, आणि मग गणित शाळकरी होतं: क्ष शून्य ओलांडतो, त्याची बातमी १० सेकंदांनी पोहोचते, तोवर २० अंश पलीकडे गेलेलं असतं. परत शून्यावर यायला १० सेकंद, पुन्हा १० सेकंद उलट बाजूला. त्रिकोणी लाट, उंची २० अंश, आवर्तकाल ४० सेकंद. झोका येणार की नाही हे रेषीय समीकरण सांगतं. तो केवढा असेल हे मर्यादाच सांगतात. म्हणून मॉडेलमध्ये मर्यादा घातलेली नसेल तर झोक्याच्या उंचीबद्दल काहीही लिहू नये.

आता दुसरा भाग. लोकसंख्येच्या किंवा प्रथिनांच्या मॉडेलमध्ये स्वतःचा ऱ्हासही असतो:

क्ष′(ट) = −ग × क्ष(ट) − क × क्ष(ट − व)

इथे ग हा तत्काळ होणारा ऱ्हास. क जर ग पेक्षा लहान असेल तर विलंब कितीही वाढवा, वाढते झोके येणार नाहीत. हे आधी तपासलं की पुष्कळ निरर्थक धावा वाचतात. क मोठा असेल तर सीमेवरचा कोनीय वेग म्हणजे (क² − ग²) चं वर्गमूळ, आणि सीमेवरचा विलंब म्हणजे (−ग/क) चा व्यस्त कोसाइन भागिले तो वेग. उदाहरणार्थ ग = १, क = २: वेग १.७३२, विलंब १.२०९, आवर्तकाल ३.६२८, म्हणजे बरोबर ३व. सर्वसाधारण नियम असा निघतो की या प्रकारात झोके सुरू होताना आवर्तकाल २व आणि ४व यांच्या मध्येच असतो. हा नियम मोजलेल्या आकड्यांवर लावून बघणं ही मॉडेलची सर्वांत स्वस्त परीक्षा आहे.

ती परीक्षा कशी कामाला येते याचं ठळक उदाहरण म्हणजे निकल्सनच्या माश्या. ए. जे. निकल्सन या ऑस्ट्रेलियातल्या कीटकशास्त्रज्ञाने मेंढ्यांना त्रास देणाऱ्या ‘ल्युसिलिया क्युप्रिना’ या माशीच्या वसाहती प्रयोगशाळेत वाढवल्या आणि १९५४ मध्ये निष्कर्ष मांडले. अळ्यांना मुबलक अन्न, प्रौढ माश्यांना मात्र दिवसाला मोजकं काळीज. संख्या सुमारे ३८ दिवसांच्या आवर्तनाने हजारोंत वर जाई आणि जवळपास तळाला येई. यावर हचिन्सनचं १९४८ चं समीकरण लावलं गेलं: वाढीचा दर र, आणि आवर घालणारी घनता ‘व’ इतक्या काळापूर्वीची. समतोलाजवळ हे तुमच्या गिझरचंच समीकरण होतं, क च्या जागी र. माश्यांच्या चढउताराइतकी उंची मिळवायला र × व सुमारे २.१ घ्यावा लागतो, तिथे आवर्तकाल ४.५४व असतो. म्हणजे विलंब सुमारे ८.४ दिवस. प्रत्यक्षात अंड्यापासून अंडी घालणारी माशी व्हायला दोन आठवड्यांच्या आसपास लागतात. वक्र जुळला, विलंब जुळला नाही.

दोष आकड्यात नव्हता, विलंबाच्या जागेत होता. माशी मरते ती आज, आजच्या संख्येतून. विलंब आहे तो फक्त जन्मात: आज प्रौढ होणाऱ्या माश्या ‘व’ इतक्या दिवसांपूर्वीच्या अंड्यांतून येतात, आणि ती अंडी किती हे त्या दिवशीच्या गर्दीवर अवलंबून होतं. गर्नी, ब्लाइथ आणि निस्बेट या संशोधकांनी १९८० मध्ये तसंच मांडलं: जन्माचं पद पूर्णपणे विलंबित, मृत्यूचं पद तत्काळ. समतोलाजवळ ते वरच्या ग-क समीकरणात उतरतं. त्यात वाढते झोके येण्यासाठी कमाल जन्मदर मृत्युदराच्या किमान ७.३९ पट हवा. आवर्तकाल ३८ आणि विलंब १५ धरला तर भागाकार अडीचच्या थोडा वर, दोन आणि चारच्या मध्ये. झोके मोठे झाल्यावर हा नियम सैल होतो, तरी जागा चुकल्याची शंका तो नेमकी घेतो. माझं मत स्पष्ट आहे: ज्या मॉडेलमध्ये विलंब कोणत्या घटनेला लागतो हे एका वाक्यात सांगता येत नाही, ते मॉडेल जुळलं तरी वापरू नये.

पेशींतल्या प्रथिनांचं गणित एक पायरी लांब आहे, कारण तिथे दोन ऱ्हास असतात: आधी संदेशवाहक आरएनए, मग प्रथिन. उंदराच्या पेशींतल्या हेस१ चं उदाहरण घ्या. हे प्रथिन स्वतःच्याच जनुकाला दाबतं आणि सुमारे दोन तासांच्या आवर्तनाने वरखाली होतं, हे २००२ मध्ये प्रयोगात दिसलं. दोन्हींचं अर्धायुष्य वीस-पंचवीस मिनिटांचं, म्हणजे ऱ्हासदर मिनिटाला साधारण ०.०३. विलंब १८.५ मिनिटं धरा. सीमेवर कलांची, म्हणजे प्रत्येक पायरीवर लाट किती मागे पडते त्याची, बेरीज अर्धं आवर्तन व्हायला हवी: दोन ऱ्हासांकडून प्रत्येकी (वेग ÷ ०.०३) चा व्यस्त टँजंट, अधिक वेग × १८.५. कॅल्क्युलेटरवर तीन-चार अंदाजांत वेग ०.०५४५ च्या जवळ मिळतो, आवर्तकाल ११५ मिनिटं. विलंबाच्या सहापटीहून जास्त! म्हणून ‘चारपट’ नियम इथे लावू नका. ऱ्हासाच्या पायऱ्या स्वतःही उशीर करतात. याच वेगाला लागणारा गेन, म्हणजे फीडबॅकचा जोर, येतो सुमारे ४.३. दाबण्याच्या वक्राचा हिल घातांक (तो वक्र किती तीव्र आहे ते सांगणारा आकडा) याहून जास्त हवा, म्हणजे पूर्णांक घेतला तर किमान ५. घातांक २ घालून झोके का येत नाहीत, ही तक्रार नेहमीची आहे. उत्तर वरच्या ओळीत आहे.

आणखी एक गोष्ट मॉडेल करताना राहून जाते: विलंब सगळ्यांना सारखा नसतो. काही अळ्या लवकर मोठ्या होतात, काही उशिरा. विलंब एकच ठाम आकडा न धरता तेवढ्याच सरासरीच्या टप्प्यांची साखळी धरली तर झोके दबतात. तुमच्याच समीकरणात एकच टप्पा असेल तर वाढते झोके कधीच येत नाहीत. दोन टप्प्यांना सीमा ४, तीन टप्प्यांना २.६७, पाच टप्प्यांना २.०९, दहाला १.७९, आणि टप्पे वाढत गेले की १.५७१. म्हणजे ठाम विलंब ही सर्वांत वाईट शक्यता असते. सरळ पाइपमध्ये ती बऱ्यापैकी खरी असते. सजीवांत फार क्वचित. सरासरीबरोबर विलंबाचं विखुरणं, म्हणजे प्रमाण विचलन, मोजलेलं असेल तर टप्प्यांची संख्या = (सरासरी ÷ प्रमाण विचलन)². साखळीचा फायदा असा की ती साध्या विकलक समीकरणांत लिहिता येते आणि सायपायचा नेहमीचा सॉल्व्हर चालतो.

मोजलेल्या नोंदींतून विलंब काढताना चालू झोक्यांवर सहसंबंध लावून शिखर शोधू नका. एका आवर्तनाने मागे-पुढे सगळीकडे तितकीच उंच शिखरं मिळतात आणि १० सेकंद की ५० हे कळत नाही. शिवाय फीडबॅक चालू असताना कारण कोणतं आणि परिणाम कोणता हेही गुंतलेलं असतं. नॉब एकदाच झटक्यात फिरवा, हात काढा आणि थर्मामीटर कधी हलतो ते बघा. याच नोंदीतून विखुरणंही मिळतं: तापमान एकदम चढलं की पसरत चढलं.

शेवटी तुमच्या क विषयी. जोरात दुरुस्ती केली की लवकर जमतं असं वाटतं. क × व = १.५ असताना झोक्यांची उंची ३७ टक्क्यांवर यायला पाच मिनिटं लागतात. तो ०.३६८ वर आणला, म्हणजे क = ०.०३७ केला, तर एकही झोका न येता शेवटी शेवटी दर १० सेकंदांतच चूक ३७ टक्क्यांवर येते. या समीकरणात याहून वेगाने विरणं कोणत्याच क ला जमत नाही. क = ०.०५ घेतलात तर चार टक्क्यांचा एक पलटा येतो, १० अंशांच्या चुकीला ०.४ अंश. तो अंगाला कळतही नाही, आणि प्रवाह ४ लिटरवर आला तरी गुणाकार १.१२५ पर्यंतच जातो. तुमच्या मॉडेलला मी ०.०५ घेईन आणि ऑयलरच वापरायचा असेल तर स्टेप ०.१ सेकंद.